क्लिअरी ‘नुसत्या किक मारतो’ का? रग्बी लीगच्या सूत्रधारांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मुलगा सिडनीत अंडर-13 संघात हाफबॅक खेळतो, त्यामुळे आता आम्हीही घरी रग्बी लीग बघतो. जॉन्स, थर्स्टन, क्रॉन्क, क्लिअरी या सगळ्यांना सामना चालवणारे म्हणतात. पण हायलाइट्समध्ये थर्स्टन जादू करताना दिसतो आणि क्लिअरी नुसत्या किक मारताना. मग सामना जास्त ताब्यात कोण ठेवतो? आणि मुलाला कोणाचे व्हिडिओ दाखवू?’

मी सिडनीच्या पश्चिम भागात मुलांच्या संघांबरोबर काम करतो, त्यातही मुख्यतः सहा, सात आणि नऊ नंबरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या जागांवरच्या मुलांबरोबर (सात नंबर म्हणजे हाफबॅक). त्यामुळे हा वाद माझ्या रोजच्या कानावरचा. आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. हातात सर्वांत जास्त कला अँड्र्यू जॉन्सच्या होती. हातातून निसटलेला सामना शेवटच्या पाच मिनिटांत ओढून आणायचा असेल तर मी जोनाथन थर्स्टनला घेईन. पण ऐंशी मिनिटं सामना मुठीत ठेवणं म्हणाल, तर आजच्या खेळात नेथन क्लिअरीच्या आसपास कोणी नाही. हायलाइट्समध्ये ते दिसत नाही, कारण हायलाइट्स कापणारा माणूस ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) शोधत असतो आणि क्लिअरीचं निम्मं काम ट्रायच्या दहा मिनिटं आधी होऊन गेलेलं असतं.

ताबा म्हणजे काय, ते आधी ठरवू. एका संघाला सहा टॅकलचा सेट मिळतो, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा धरून पाडेपर्यंत चेंडू त्यांच्याकडे. प्रत्येक टॅकलनंतर चेंडूवाला उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो, मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो आणि खेळ पुढे चालू. बचाव करणारे, चेंडूवाल्यासमोर उभे राहणारे दोन मार्कर सोडून, दहा मीटर मागे. सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक. म्हणजे दोन्ही संघ आळीपाळीने चेंडू सोडून देतच असतात; प्रश्न एवढाच, की कुठे सोडता. किक कोपऱ्यात पडली, समोरच्या विंगरने (कडेच्या खेळाडूने) ती आपल्या गोलरेषेजवळ उचलली आणि तिथेच त्याला आडवा केला, तर त्यांचे पहिले तीन टॅकल नुसते स्वतःच्या घरातून बाहेर पडण्यात जातात. तेच किक मधोमध फुलबॅकच्या, म्हणजे सगळ्यांत मागच्या खेळाडूच्या छातीवर गेली तर तो पळत येऊन तीस मीटरवर सेट सुरू करतो. आणि जोर जास्त होऊन चेंडू मृतरेषेपार (गोलरेषेमागच्या शेवटच्या रेषेपार) गेला तर समोरच्यांना वीस मीटरवरून सेट, आणि वर सहाऐवजी सात टॅकल. एका सेटमध्ये हा फरक किरकोळ वाटतो. तासभर तेच चाललं की मोठ्या देहाच्या फॉरवर्ड लोकांचे पाय जड होतात, बचावाची रांग एखादं पाऊल उशिरा वर येते, आणि मग ज्या पासवर सुरुवातीला काही झालं नसतं त्याच पासवर ट्राय होतो. समोरच्याने पुढचा सेट कुठून आणि किती दमून सुरू करायचा, हे जो ठरवतो त्याच्या ताब्यात सामना. माझी व्याख्या एवढीच.

या मापाने बघितलं तर क्लिअरीच्या किक ‘नुसत्या’ राहत नाहीत. त्याची उंच किक, म्हणजे बॉम्ब, अनेकदा न फिरता वर जाते. फिरकी नसल्यामुळे चेंडू खाली येताना हवेत डुलतो, शेवटच्या क्षणी डावीकडे की उजवीकडे झुकेल हे खालच्या माणसाला कळत नाही. फुलबॅकने झेलला तरी तो झेलतो जागच्या जागी, दोन्ही पाय रोवून. तेवढ्यात क्लिअरीच्या पेनरिथ संघाची पाठलाग करणारी रांग त्याच्या अंगावर आलेली असते. सुटला तर प्रश्नच मिटला. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीगच्या 2021 च्या फायनलमध्ये पेनरिथने साउथ सिडनीला 14-12 असं हरवलं. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल क्लिअरीला मिळालं, पण त्याच्या त्या दिवशीच्या खेळातून अर्ध्या मिनिटाची रील काढायला बसलात तर हाताला फार काही लागणार नाही.

आता 2023 ची फायनल, 1 ऑक्टोबर, सिडनी. समोर ब्रिस्बेन ब्राँकोज. मध्यंतराला पेनरिथ 8-6 पुढे. मग एझ्रा मॅमने थोड्याच वेळात तीन ट्राय ठोकले आणि ब्रिस्बेन 24-8 पुढे. त्यात क्लिअरीचा जोडीदार जेरोम लुआई खांदा दुखावून बाहेर गेला, त्याच्या जागी जॅक कॉगर आला. शेवटची अठरा-वीस मिनिटं उरलेली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: पेनरिथ 26-24 जिंकलं. पण ते कसं घडलं, ते बघण्यासारखं आहे.

पहिल्यांदा क्लिअरी स्वतः रांगेत घुसला आणि मोझेस लिओटाकडे चेंडू सोडला, ट्राय. मग त्याने फोर्टी-ट्वेंटी मारली. आपल्या चाळीस मीटर रेषेच्या आतून मारलेली किक मैदानात टप्पा पडून समोरच्यांच्या वीस मीटर रेषेपलीकडे बाजूला गेली, तर चेंडू परत मारणाऱ्याच्याच संघाला मिळतो. नियम 1997 पासूनचा, पण फायनलमध्ये सोळा-सतरा मिनिटं उरलेली असताना दहा गुणांनी मागे असलेल्या माणसाने ती मारायला जावं, याला छाती लागते. चुकली तर ब्रिस्बेनला आयता सेट. ती बसली, तिच्यातून स्टीफन क्रिक्टनचा ट्राय निघाला, 24-20. आणि शेवटची चार-पाच मिनिटं उरली असताना क्लिअरीने पुन्हा स्वतःच पळून ट्राय केला आणि कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची जादा गुणांची किकही मारली.

या तिन्ही वेळा तो ब्रिस्बेनच्या रांगेच्या मधल्या भागाला, थकलेल्या फॉरवर्ड लोकांना हात घालत होता. बाहेरच्या कडेला, जिथे ब्रिस्बेनचे ताजे आणि वेगवान पोरगे उभे होते, तिकडे लांब पास फेकण्याच्या भानगडीत तो फारसा पडला नाही. 2020 च्या फायनलमध्ये मेलबर्नविरुद्ध त्याचा असाच एक पास सुलियासी वुनिवालूने मधल्यामध्ये पकडला होता आणि तो लांबवर पळत जाऊन ट्राय करून आला होता. पेनरिथ ती फायनल 26-20 हरलं. तीन वर्षांत तो काय शिकला असं मुलं विचारतात तेव्हा मी हे दोन तुकडे लागोपाठ लावतो.

जॉन्सची गोष्ट वेगळी. न्यूकासल नाइट्सचा हा सात नंबर किक मारायचाही अफाट, पण त्याचा खरा ताबा होता समोरच्या रांगेच्या नजरेवर. कबड्डीत साखळी धरून उभा असलेला बचाव चढाईपटूच्या पायांकडे बघतो, तसा लीगमधला बचाव हाफबॅकच्या खांद्यांकडे आणि कमरेकडे बघतो. खांदे बाजूला वळले की पास बाहेर जाणार, हे उघड. मग बचाव आधीच बाहेर सरकतो. जॉन्सचे खांदे शेवटपर्यंत सरळ, गोलरेषेच्या दिशेने. चेंडू दोन्ही हातांत, छातीपुढे. तो जवळजवळ अंगावर येईपर्यंत तीन माणसांना जागचं हलता येत नसे: हा स्वतः पळणार, की आत येणाऱ्या फॉरवर्डला देणार, की त्याच्या पाठीमागून बाहेर काढणार? आणि तिन्ही त्याला सारख्याच सहज जमायचं. आज प्रत्येक संघ जो आकार खेळतो (एक जण आत कापत येतो, दुसरा त्याच्या पाठीमागून बाहेर वळतो) तो जॉन्सने शोधला असं मी म्हणणार नाही, पण त्यात शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं कसं, हे अख्ख्या पिढीने त्याच्याकडूनच उचललं.

2001 ची फायनल त्यासाठी बघा. पॅरामॅटा त्या मोसमातला दादा संघ, गुणतक्त्यात पहिला. मध्यंतराला न्यूकासल 24-0 पुढे! बिल पीडनसारख्या साध्या, राबणाऱ्या फॉरवर्डने दोन ट्राय केले. जॉन्सच्या हातचा चेंडू मिळाला की असे खेळाडूही भलत्याच मोकळ्या जागेत निघायचे. पॅरामॅटाने नंतर दम दाखवला, शेवट 30-24 झाला. ताबा सुटत चालला होता, हेही त्या सामन्यात दिसतं. जॉन्स तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासात मारून टाकायचा. क्लिअरी सत्तराव्या मिनिटापर्यंत हळूहळू गळा आवळतो.

1997 चा किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅनलीविरुद्ध फायनल, 16-16, घड्याळात काही सेकंद. भाऊ मॅथ्यूचा फील्ड गोलचा (चालू खेळात खांबांमधून किक मारण्याचा) प्रयत्न अडवला गेलेला. सगळे पुन्हा फील्ड गोलचीच वाट बघतायत, मॅनलीची रांगसुद्धा. अँड्र्यू स्वतः डमी हाफच्या जागी गेला, चेंडू उचलला आणि अरुंद बाजूने, जिकडे कोणी बघत नव्हतं तिकडून निघाला. डॅरन आल्बर्टला पास, ट्राय, 22-16. बरगड्या दुखावून, फुफ्फुसाला इजा झालेली असताना तो त्या दिवशी खेळत होता.

थर्स्टनकडे येतो. ऑस्ट्रेलियातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवणारं डॅली एम मेडल त्याने चार वेळा घेतलं: 2005, 2007, 2014, 2015. हायलाइट्समध्ये तोच जास्त दिसतो, आणि त्यात गैर काही नाही. त्याचं बलस्थान आखीव खेळ मोडल्यानंतर सुरू व्हायचं. पास दाखवायचा, द्यायचा नाही, त्या क्षणात अडखळलेल्या बचावपटूच्या आतून निघायचं. हे तो दहा वर्षं करत राहिला आणि समोरच्यांना माहीत असूनही थांबवता आलं नाही. ठरलेली चाल फसली की बहुतेक हाफबॅक घाबरून किक मारतात. थर्स्टन तिथे खुलायचा.

2015 ची फायनल, थर्स्टनचा टाउन्सव्हिलचा काउबॉइज संघ विरुद्ध ब्रिस्बेन. ऐंशी मिनिटं संपताना मायकल मॉर्गनच्या पासवर काइल फेल्टचा ट्राय, 16-16. बाजूच्या रेषेजवळून कन्व्हर्जन थर्स्टनकडे. बसली तर काउबॉइजचं पहिलं विजेतेपद. चेंडू खांबाला लागून परत आला. दुसरा कोणी खचला असता. गोल्डन पॉइंटमध्ये (जादा वेळ, पहिला गुण करेल तो जिंकला) ब्रिस्बेनच्या बेन हंटच्या हातून किक-ऑफ सुटला, काउबॉइजनी चेंडू मधोमध आणला, आणि थर्स्टनने फील्ड गोल मारला. 17-16. यातला कोणता भाग ताबा आणि कोणता नशीब, यावर मित्रांशी तासन्‌तास भांडलोय. हंटच्या हातून चेंडू सुटला हे थर्स्टनचं कर्तृत्व नव्हे. पण त्यानंतर अख्खा संघ कोणाच्या तोंडाकडे बघत होता, ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतं. 2017 च्या ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यातही तेच: खांदा निकामी झालेला, तरी मैदान सोडलं नाही, आणि शेवटी बाजूकडून कन्व्हर्जन मारून क्वीन्सलँडला 18-16 जिंकून दिलं. राज्याकडून खेळण्याचा तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

कूपर क्रॉन्कला बघायला लोक कंटाळतात. त्याच्यात जॉन्सची कला नव्हती आणि थर्स्टनची उपजत बुद्धीही नव्हती. मेलबर्न स्टॉर्मकडे तो सुरुवातीला राखीव, पडेल ते काम करणारा होता. 2006 मध्ये हाफबॅकची जागा मिळाली ती त्याने रेटून, घोटून कमावली. पण मुलांना काही शिकवायचं असेल तर मी आधी त्याच्याकडे जातो, कारण त्याची प्रत्येक गोष्ट शिकता येण्यासारखी आहे.

2018 ची फायनल. क्रॉन्क आता सिडनी रूस्टर्सकडे, समोर त्याचाच जुना संघ स्टॉर्म. आदल्या आठवड्यातल्या सामन्यात त्याच्या खांद्यामागचं पंखासारखं हाड मोडलेलं. हात वर होत नव्हता. तरी तो उतरला. चेंडू त्याने मोजक्याच वेळा हाताळला. पास आणि किकचं बरंचसं ओझं ल्यूक केअरीने घेतलं, आणि मेडलही केअरीलाच मिळालं. मध्यंतराला रूस्टर्स 18-0 पुढे, शेवटी 21-6.

मग क्रॉन्क तिथे करत काय होता? तोंड चालवत होता. दुसरा टॅकल संपायच्या आत तो चौथा टॅकल कुठे व्हायला हवा तिकडे बोट दाखवून उभा. बचावात कोणाच्या डाव्या बाजूला कोण, स्टॉर्मचा कोणता आकार येतोय, कोणी आत राहायचं. जो खेळ त्याने स्वतः इतकी वर्षं स्टॉर्मकडून खेळला, तो समोरून येताना त्याला आधी ओळखू येत होता. टीव्हीवर हे फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर जातो. एखाद्या लांबच्या दृश्यात सापडलाच, तर मोडक्या खांद्याचा हात अंगाशी धरून दुसऱ्या हाताने माणसं हलवणारा सात नंबर दिसेल. हाफबॅक हे पद चेंडू हाताळायचं नसून माणसं योग्य जागी उभी करायचं आहे, हे याहून स्पष्ट मला कुठेच सापडलेलं नाही.

तुमच्या यादीत कॅमरन स्मिथ नाही, म्हणून आगाऊपणा करून घालतो. तो हाफबॅक नव्हता, नऊ नंबरचा हूकर. म्हणजे जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतर चेंडू पहिल्यांदा त्याच्याच हातात. 430 एनआरएल सामने, हा विक्रमच आहे. बाकीचे मैदानावर ताबा ठेवत, स्मिथ घड्याळावर ठेवायचा. आपला संघ धापा टाकतोय? चेंडू उचलायला अर्धा सेकंद जास्त. पंचांशी दोन शब्द, तेही हसत. समोरचे मार्कर अजून नीट उभे नाहीत? ताबडतोब उचलून स्वतःच पळ. आणि बचाव करताना पडलेल्या माणसावरून नेमकं किती उशिरा उठायचं, म्हणजे पंच शिट्टी वाजवणार नाहीत आणि समोरच्यांचा वेगही मरेल, यात तो आणि त्याचा संघ वस्ताद होते. बघणाऱ्यांना संताप यायचा. मलाही यायचा, पण नोंदी काढायला बसलं की टोपी काढावी लागे.

आणि इथेच या लोकांची सरळ तुलना का जमत नाही, ते येतं. 2020 मध्ये एनआरएलने ‘सिक्स अगेन’ आणला: टॅकलनंतर चेंडू खेळवताना बचावाने रेंगाळून नियम मोडला तर खेळ थांबवून पेनल्टी देण्याऐवजी टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून, खेळ चालूच. स्मिथसारख्यांनी हक्काची केलेली विश्रांती त्याने गेली. स्मिथचा शेवटचा सामना म्हणजे त्याच वर्षी जिंकलेली फायनल, हा योगायोग असला तरी मजेशीर आहे. खेळ सलग चालू लागल्यावर थकवा हे सगळ्यांत मोठं हत्यार झालं, आणि समोरच्याला लांबून, दमवून आणणारी किक सोन्याच्या भावाची. क्लिअरी नेमक्या त्या काळात पिकला. पेनरिथने 2021 ते 2024 सलग चार विजेतेपदं घेतली, त्यात त्यांच्या पाठच्या तिघांचं (फुलबॅक आणि दोन विंगर) चेंडू परत आणण्याचं काम आणि वडील आयव्हन क्लिअरी यांचं प्रशिक्षण हेही आलंच. एकट्या नेथनच्या नावावर सगळं लावू नका. जॉन्सला आजचे नियम दिले असते तर त्याने काय केलं असतं, यावर बोलायला मला आवडेल, पण ते चहावर.

क्लिअरीचा ताबा सुटत नाही असंही नाही. 2023 च्या सुरुवातीला इंग्लंडचा सेंट हेलेन्स संघ पेनरिथमध्ये येऊन वर्ल्ड क्लब चॅलेंज 13-12 जिंकून गेला, गोल्डन पॉइंटमध्ये लुइस डॉडच्या फील्ड गोलवर. इंग्लंडचे लोक अजून त्यावर खूश आहेत.

आता मुलाचं. हायलाइट्स बंद करा असं मी म्हणणार नाही, तेरा वर्षांच्या पोराला थर्स्टन बघू द्या, त्याशिवाय खेळाची गोडी कशी लागणार. पण आठवड्यातून एकदा पूर्ण सामन्याचा एक हाफ त्याच्याबरोबर बसून बघा आणि प्रत्येक सेटमध्ये तिसऱ्या टॅकलला व्हिडिओ थांबवा. विचारा: चेंडू आत्ता मैदानाच्या कोणत्या भागात आहे, सात नंबर कुठे उभा आहे, आणि पाचव्या टॅकलला तो काय करेल? सुरुवातीला उत्तरं चुकतील. महिनाभरात तो तुमच्या आधी सांगू लागेल. सुरुवात 2018 च्या पहिल्या हाफने करा, मग 2023 चा दुसरा.

प्रत्यक्ष सामना बघायला गेलात तर बाजूची महागडी तिकिटं घेऊ नका. गोलखांबांच्या मागे, जितकं वर मिळेल तितकं वर बसा. तिथून बचावाची रांग कशी सरकते आणि तिच्यात भोक कधी पडतं ते दिसतं. बाजूने नुसती टक्कर दिसते.

लांब किकचा आग्रह एवढ्यात नको, त्या वयात मांडीत जोर नसतो आणि मुलं कंबर वाकवून भलतीच सवय लावून घेतात. वीस मीटरवर एक बादली ठेवा, टप्पा पडून चेंडू तिच्या आसपास थांबला पाहिजे, डाव्या पायाने आणि उजव्या पायाने. आणि सराव सामन्यात दहा मिनिटं त्याला चेंडूला हात न लावता, फक्त ओरडून संघ चालवायला सांगायची विनंती त्याच्या प्रशिक्षकांना करून बघा. लाजरी मुलं या दहा मिनिटांत रडकुंडीला येतात, तेव्हा आधी त्याला तयार करा.